दोन सेकंदांत न मावणारे वाक्य: सातवीच्या इंग्रजी वर्गातील ॲनिमेशनचे एक प्रकरण

सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. तिथल्या सातवीच्या एका वर्गाने दिवाळीच्या सुट्टीनंतरचे सात आठवडे संगणकावर हलत्या चित्रांच्या छोट्या गोष्टी तयार केल्या. त्या निमित्ताने इंग्रजी बोलण्याच्या बाबतीत वर्गात जे घडले आणि जे घडले नाही, ते इथे सविस्तर नोंदवत आहे. शाळेचे आणि मुलांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत, कारण आमची मुलेही पुस्तकातल्या इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक देवनागरी उच्चार लिहून ठेवतात, आणि हे प्रकरण बरेचसे त्या पेन्सिलीच्या ओळीपासून सुटका होण्याचेच आहे.

वर्ग आणि त्याची अडचण

वर्गात २८ मुले होती. घरी कोरडवाहू शेती, कुठे डाळिंबाची थोडी बाग आणि बहुतेकांच्या दारात मेंढरे. काहींचे वडील किंवा चुलते सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी तामिळनाडू, केरळ किंवा उत्तरेकडे असतात. आटपाडी आणि खानापूर या तालुक्यांतली माणसे या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. त्यामुळे परक्या मुलखात परक्या भाषेत चार माणसांशी बोलावे लागते, हे आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकाने सांगावे लागत नाही. सुट्टीत गावी आलेला चुलता फोनवर हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतो, ते मुले कान देऊन ऐकतात.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे सातवीतल्या मुलाची इंग्रजीशी ओळख सलग सातव्या वर्षात असते. या सात वर्षांत आमच्या मुलांनी बरेच काही मिळवलेले होते. शब्द ओळखीचे होते, अक्षर सुरेख होते, फळ्यावरचे न चुकता उतरवता येत होते आणि धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे धड्यातली नेमकी ओळ शोधून लिहिता येत होती. मात्र समोर उभे राहून ‘व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ एवढे विचारले की नजर जमिनीकडे जायची. याला केवळ भीती म्हणणे मला पटत नव्हते, कारण हीच मुले मराठीत पाहुण्या अधिकाऱ्यांशीही मोकळेपणाने बोलत. स्वतःच्या मनातले वाक्य इंग्रजीत जुळवण्याची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. वर्गात त्यांनी जे इंग्रजी वाचले, लिहिले किंवा म्हटले, ते सगळे दुसऱ्या कोणीतरी आधीच जुळवून ठेवलेले होते.

कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली मांडलेला विचार इथे मला नेहमी आठवतो. त्या मुलांना वर्षानुवर्षे भरपूर फ्रेंच ऐकायला मिळाले होते आणि त्यांना ते उत्तम समजत होते, तरी त्यांच्या बोलण्यात व्याकरणाचा कच्चेपणा राहिलाच. भाषा ऐकून समजते, पण ती तोंडून काढण्याची गरज पडल्याशिवाय तिची घडण हाती लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मुलांना तर ऐकायलाही पुरेसे मिळत नव्हते, त्यामुळे आमची गरज दुहेरी होती.

दोन प्रयत्न फसले

पहिला प्रयत्न अगदी सरळ होता. लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर मी इंग्रजी गोष्टींच्या तयार ॲनिमेशन फिती दाखवू लागले. मुले रमून जात आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होई. दुसऱ्या दिवशी गोष्ट विचारली की हात वर होत, आणि मुले ती पदरचे रंग भरून सांगत, पण सगळी मराठीत. चित्र इतके बोलके होते की इंग्रजीकडे लक्ष न देताही गोष्ट कळत होती. दोष चित्राचा नव्हता. मुलांनी काही करायचेच नाही, फक्त पाहायचे, अशी ती योजना होती, आणि ती माझी होती.

मग मुलांनीच फिती कराव्यात असे ठरवले. इंटरनेटवर तयार माणसे, तयार खोल्या आणि तयार हावभाव देणारी अनेक साधने मिळतात. त्यांतले एक मी निवडले. त्याचे नाव घेत नाही, कारण मुख्य चूक माझ्या निवडीची होती. पहिला जोडतास केसांचा रंग ठरवण्यात गेला आणि दुसरा कपडे बदलण्यात. एका गटाने शहरी दिवाणखान्यात दोन गोरी माणसे बसवली आणि त्यांच्या तोंडी ‘हॅलो’, ‘हाऊ आर यू’, ‘आय ॲम फाइन’ अशी तीन वाक्ये घातली. दोन जोडतासांत तीन वाक्ये, आणि तीही तिसरीपासून पाठ असलेली! बहुमाध्यमातून होणाऱ्या शिक्षणावर रिचर्ड मेयर यांचे मोठे काम आहे. विषयाशी संबंध नसलेली शोभा जितकी कमी, तितके शिकणे चांगले होते, हे त्यांचे तत्त्व मी वाचलेले होते. ते किती खरे आहे हे मला त्या दिवाणखान्यातल्या पडद्यांनी शिकवले. तिसऱ्या आठवड्यात त्या साधनाच्या फुकट वापराची मर्यादा संपली. मुलांच्या अर्धवट फिती कुलुपाआड गेल्या आणि पैसे भरल्याशिवाय त्या उतरवून घेता येईनात. मुलांची तोंडे उतरली. त्यांचे काम त्यांच्या हातात राहील याची खातरजमा आधी केली नाही, याची मला आजही रुखरुख आहे.

साधनाची निवड

तिसऱ्या खेपेला आम्ही स्क्रॅचकडे वळलो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी ते तयार केले आणि २००७ साली सर्वांना खुले केले. ते मोफत आहे आणि खाते न काढताही वापरता येते. इंटरनेटवर चालते, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटविनाही चालते. फाइल पेनड्राइव्हवर ठेवता येते. आमच्याकडे चालू स्थितीतले चार संगणक, माझ्या फोनचे इंटरनेट आणि दुपारची बेभरवशाची वीज एवढेच होते, म्हणून शेवटचे दोन गुण मला सर्वांत मोलाचे वाटले. २०२० च्या अखेरीस संकेतस्थळांवर हलती चित्रे चालवणारे फ्लॅश हे तंत्र बंद झाले, तेव्हा त्यावर उभी असलेली कितीतरी ॲनिमेशन संकेतस्थळे आणि त्यांवरचे शिक्षकांचे काम एकदम निकामी झाले. स्क्रॅच आधीच, जानेवारी २०१९ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून, फ्लॅशमधून बाहेर पडले होते. शाळेसाठी साधन निवडताना ते किती देखणे आहे यापेक्षा मुलांचे काम पाच वर्षांनी उघडेल का, हे आधी पाहावे, असे माझे आता ठाम मत आहे.

स्क्रॅचमध्ये रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडून चित्राला हालवायचे किंवा बोलवायचे असते. ठोकळ्यांची भाषा मी मुद्दाम इंग्रजीच ठेवली. ‘वेट वन सेकंड’, ‘गो टू’, ‘रिपीट टेन’, ‘व्हेन फ्लॅग क्लिक्ड’ ही वाक्ये मुले दिवसातून पन्नास वेळा वाचू लागली. ती हुकूम सोडणारी, छोटी आणि लगेच फळ देणारी वाक्ये आहेत. ‘ग्लाइड’चा अर्थ मला एकदाही सांगावा लागला नाही, कारण चित्र अलगद घरंगळत गेलेले सगळ्यांनी पाहिले होते.

केस आणि कपड्यांचा अनुभव ताजा असल्याने या वेळी एक नियम केला. पहिले दोन जोडतास संगणक बंद. आधी वहीत पात्रे, प्रसंग आणि संवाद. ते गटाने मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच यंत्राला हात लावायचा. विषय मुलांनी निवडायचा, अट एवढीच की तो त्यांनी स्वतः पाहिलेला असावा. सहा गटांतल्या तिघांनी आटपाडीचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार निवडला. बाकीच्यांनी एसटीची वाट पाहणे, दवाखाना आणि डाळिंबाची फवारणी हे विषय घेतले.

दोन सेकंद

स्क्रॅचमध्ये पात्राला बोलते करण्याचा जो ठोकळा आहे, त्यात दोन रिकाम्या जागा असतात. एकीत वाक्य लिहायचे आणि दुसरीत ते किती सेकंद दिसावे तो आकडा. ठोकळा हातात येतो तेव्हा वाक्याच्या जागी ‘हॅलो’ आणि आकड्याच्या जागी दोन असते. या दोनच्या आकड्याने आमच्या वर्गात जे केले, ते मी योजून केलेले नव्हते. तरीही या सगळ्या प्रकरणाचा गाभा मला तोच वाटतो.

बाजाराच्या एका गटात मेंढीचा मालक म्हणत होता: ‘माय शीप इज व्हेरी गुड, शी हॅज टू लॅम्ब्ज, शी ईट्स एव्हरीथिंग, शी इज नॉट सिक.’ आकडा दोनच ठेवलेला. फीत सुरू करणारा झेंडा दाबला, बोलण्याचा फुगा उमटला आणि कोणी तिसरा शब्द वाचायच्या आत नाहीसा झाला. शिवाय समोरच्या हेडीने, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याने, मालकाचे संपायच्या आतच तोंड उघडले. गटातला मुलगा वळून म्हणाला, “बाई, ह्याचं बोलून व्हायच्या आधीच त्यो बोलतोय.”

मी विचारले, “मग किती सेकंद लागतील?”

ते सांगायला वाक्य मोठ्याने म्हणून बघण्याशिवाय गत्यंतर नव्हते. एकाने भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर डोळे लावले आणि दुसऱ्याने वाचले, एकेक शब्द सुटा करत, मध्ये थांबत, पेन्सिलीच्या ओळीकडे बघत. अकरा सेकंद भरले. आकडा अकरा केला, तर पडद्यावरचा हेडी अकरा सेकंद नुसता पुतळ्यासारखा उभा राहिला. दुसऱ्या गटातली मुले ओरडली, “झोपलाय व्हय त्यो?”

त्यानंतर त्या गटाने जे केले ते करायला मी त्यांना सांगितले नव्हते. आधी वाक्य तोडून दोन केली आणि ‘शी ईट्स एव्हरीथिंग’ काढून टाकले. मग उरलेले वाक्य पुन्हा म्हटले, पुन्हा काटा पाहिला आणि पुन्हा म्हटले. जोडतास संपेपर्यंत वाक्य चार सेकंदांत येऊ लागले. वाचणाऱ्याची नजर वहीवर नव्हती, कारण त्याला घड्याळ पाहायचे होते. ‘सराव करा, दहा वेळा म्हणा’ असे मी वर्षभर सांगत आले होते. दहावेळा म्हणण्याचे कारण मात्र मी कधी दिले नव्हते. पडद्यावरचा माणूस जिवंत वाटायचा तर वाक्य माणूस बोलतो त्या वेगाने आले पाहिजे, हे कारण मुलांना आपसूक पटले.

पुढच्या आठवड्यांत प्रत्येक गटाच्या वहीत संवादासमोर सेकंदांचे आकडे दिसू लागले, खोडून पुन्हा लिहिलेले. ते आकडे कमी होत गेले. माझ्या दृष्टीने ती मुलांच्या अस्खलितपणाची नोंदवही होती, आणि ती त्यांनीच ठेवली होती.

यात एक गोष्ट जपावी लागली. आकडा कमी करण्याच्या चढाओढीत काही मुले शब्द गिळू लागली. तेव्हा आणखी एक अट घातली की दुसऱ्या गटातल्या एकाने पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकायचे, आणि त्याला वाक्य कळले तरच तो आकडा मान्य.

बोलणे एक, मनात एक

बोलण्याच्या ठोकळ्याशेजारीच विचाराचा ठोकळा असतो. त्याने पात्राच्या डोक्यावर ढगासारखा फुगा येतो. मी तो दाखवलाही नव्हता, एका मुलीने तो ओढून पाहिला आणि विचारले, “बाई, म्हंजी ह्ये त्याला ऐकू जात न्हाई ना?”

बाजारातल्या सौद्याला याहून चांगले काय मिळणार! त्या गटाचा संवाद त्याच दिवशी बदलला. मालक म्हणतो, ‘एटीन थाउजंड.’ डोक्यावर ढग येतो: ‘आय नीड फिफ्टीन.’ हेडी म्हणतो, ‘टू मच. इट इज थिन.’ त्याच्या डोक्यावर ढग येतो: ‘इट इज अ गुड शीप.’ मी विचारले की चांगली आहे असे वाटते तर हेडी तसे म्हणत का नाही. माझ्या अडाणीपणाची कीव केल्यासारखे मुलांनी मला सांगितले की हेडी कधी जनावराला चांगले म्हणत नाही. ज्याला नावे ठेवतो तेच घेतो.

इंग्रजी शिकवण्याच्या विचारात आपल्या दक्षिणेकडची एक मोठी भर आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास इथल्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. व्याकरणाचे पाठ देण्याऐवजी मुलांपुढे सोडवण्याजोगे प्रश्न ठेवायचे आणि ते सोडवताना भाषा अंगवळणी पडू द्यायची, अशी त्याची रीत होती. त्यातही एकाकडची माहिती दुसऱ्याला सांगण्यापेक्षा माहितीवरून काही ताडावे लागेल असा प्रश्न त्यांना अधिक फलदायी वाटला. ढगाच्या फुग्याने आमच्याकडे नेमके हेच घडवले. हेडी सोळा म्हणाला आणि मालकाच्या मनात पंधरा आहेत, तर मालकाने आता काय म्हणावे? लगेच हो म्हणावे का? ‘नो, सेव्हन्टीन’ म्हणावे का? की ‘इफ यू गिव्ह मनी नाऊ, टेक इट फॉर सिक्स्टीन’ म्हणावे? ‘इफ’चे वाक्य त्यांनी माझ्याकडे मागून घेतले. सातवीच्या मुलांनी अटीचे वाक्य स्वतःहून मागावे, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदा घडत होते.

चुकाही बोलक्या होत्या. घासाघीस संपवताना आपण ‘शेवटचं सांगा’ म्हणतो. वहीत ‘टेल लास्ट’ आले. मेंढी स्त्रीलिंगी म्हणून किमतीच्या चर्चेतही ‘हाऊ मच इज शी?’ आले. ‘मेंढीचं दूध’ करता करता ‘शीप हर मिल्क’ झाले. या चुका फळ्यावर लिहून मी त्यांच्याशेजारी मराठी वाक्य लिहिले आणि कुठला धागा कुठून आला ते दाखवले. हसण्यावारी काहीच नेले नाही, कारण अशी चूक करणारे मूल विचार करत असते.

आमच्याकडे मेंढ्याला बकराच म्हणतात. त्यामुळे एका गटाच्या संवादात पहिल्यापासून ‘गोट’ होते आणि चित्र मात्र माडग्याळी जातीच्या मेंढ्याचे, पोपटासारख्या बाकदार नाकाचे. स्क्रॅचच्या तयार चित्रांत असले नाक कुठून मिळणार, म्हणून मुलांनी कागदावर काढून, फोटो घेऊन ते आत घातले होते. गोट आणि शीप यांतला फरक कळल्यावर शब्द बदलला, पण नाकाचे वर्णन राहिले पाहिजे असा त्यांचा हट्ट होता, कारण किंमत त्या नाकाची असते. ‘इट्स नोज इज लाइक अ पॅरट’ हे वाक्य त्यांनी जुळवले. ‘पॅरट्स बीक’ असे दुरुस्त करून घेतले खरे. तरी पहिले वाक्य त्यांचे होते आणि समजत होते.

यंत्राचा आवाज, आपला आवाज

स्क्रॅचमध्ये लिहिलेले वाक्य यंत्राने बोलून दाखवण्याची सोय आहे. तिला मात्र इंटरनेट लागते. त्यात आवाज निवडता येतो, आणि एक मांजराच्या पिलाचा आवाज आहे, जो प्रत्येक शब्दाच्या जागी ‘म्याव’ म्हणतो. त्या शोधावर अर्धा तास गेला, तो मी जाऊ दिला.

या सोयीचा खरा उपयोग मला अपेक्षित नव्हता तिथे झाला. यंत्र जे लिहिले आहे तेच वाचते. एकीने शीपच्या स्पेलिंगात एकच ‘आय’ घातला, तर यंत्र ‘शिप’ म्हणाले. तिने दोनदा ऐकले, शेजारणीची वही पाहिली आणि दोन ‘ई’ घातले. ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक मी फळ्यावर किती वेळा सांगितला असेल. मराठी बोलताना आपण इकार मोजून मापून बोलत नाही, त्यामुळे तो कानात बसत नाही. इथे यंत्राने चूक म्हणून लाल रेघ मारली नाही. जे लिहिले त्याचा आवाज काय होतो, तेवढे ऐकवले.

तरी शेवटच्या फितीत यंत्राचा आवाज ठेवायचा नाही, असे मी ठरवले. बाजारातला माणदेशी मालक परक्या गुळगुळीत आवाजात बोलू लागला की मुलांना तो आपला वाटत नाही, आणि मुख्य म्हणजे यंत्र बोलले की मुलांना बोलावेच लागत नाही. मुलांनी स्वतःचे आवाज ध्वनिमुद्रित केले. मुद्रित आवाजाची लाट पडद्यावर दिसते: जिथे जोर तिथे ती जाड, जिथे थांबलो तिथे सपाट रेघ. ‘थाउजंड’च्या पहिल्या भागावर लाट फुगते आणि नंतर निमुळती होते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. इंग्रजी शब्दातला आघात समजावण्यासाठी मी टाळ्या वाजवून पाहिल्या होत्या. लाट अधिक कामी आली.

वर्गातल्या एका मुलीबद्दल लिहिले पाहिजे. जूनपासून तिने वर्गात इंग्रजीचा एक शब्द मोठ्याने उच्चारला नव्हता. मी आग्रह धरला की डोळ्यांत पाणी यायचे, म्हणून सोडून दिले होते. तिच्या गटाने तिला दवाखान्यातल्या आजीचे काम दिले, कारण बाकी कोणाला म्हातारी व्हायचे नव्हते. मधल्या सुट्टीत ती रिकाम्या खोलीत संगणकापुढे एकटी बसली. मी दाराशी होते, तिला दिसत नव्हते. ती ‘डॉक्टर, माय नी इज पेनिंग’ म्हणायची, ऐकायची, पुसायची आणि पुन्हा म्हणायची. किती वेळा, ते मी मोजायचे सोडून दिले. यंत्राला कंटाळा येत नाही, ते हसत नाही आणि पुसलेले कोणाला सांगत नाही. शेवटी जे ठेवले त्यात तिने कण्हण्याचा आवाजही घातला होता. ‘इज पेनिंग’ मी दुरुस्त केले नाही. त्या दिवशी ते महत्त्वाचे नव्हते.

बोटांचा सौदा

बाजाराच्या तिसऱ्या गटाशी माझा वाद झाला. त्यांना सौदा खरा दाखवायचा होता, म्हणजे उपरण्याखाली. आमच्याकडच्या बाजारात जुने लोक भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणे टाकतात आणि आत बोटे धरून आकडे सांगतात. आजूबाजूच्या कोणाला किंमत कळत नाही. मी म्हटले, मग तुमच्या फितीत कोणी बोलणारच नाही, आणि आपला तास इंग्रजीचा आहे. ते अडून बसले. एकाचे आजोबा याच बाजारात असे सौदे करतात, त्यामुळे त्याला बोलका सौदा खोटा वाटत होता.

दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. बाजूला एक पोरगा उभा करायचा, जो परगावाहून आलेल्या पाहुण्याला काय चालले आहे ते सांगेल. गलाईवाल्या चुलत्याचा शहरात वाढलेला मुलगा गावी येतो, तसा पाहुणा. मी होकार दिला, आणि सहा फितींतले सर्वांत चांगले इंग्रजी त्या मुक्या सौद्याच्या फितीत आले: ‘दे आर नॉट टॉकिंग. दे आर होल्डिंग फिंगर्स. नाऊ ही इज पुलिंग हिज हँड. ही इज अँग्री. नो, ही इज ओन्ली ॲक्टिंग. नोबडी कॅन सी द प्राइस.’ चालू वर्तमानकाळ हा आमच्या परीक्षेचा नेहमीचा प्रश्न आहे आणि मुले तो रिकाम्या जागेत बरोबर भरतात. इथे मात्र डोळ्यांपुढे काहीतरी चाललेले होते आणि ते न कळणाऱ्याला सांगायचे होते, म्हणून तो काळ आला. मी नको म्हटले होते, ती माझी चूक होती.

काय साधले नाही

पाठ्यपुस्तकातला न पाहिलेला उतारा वाचण्यात मुलांची फारशी प्रगती मला दिसली नाही. स्पेलिंग, ‘शीप’सारखे थोडे शब्द सोडता, होते तसेच राहिले. एक हुशार मुलगा सातही आठवडे ठोकळे जोडण्यात गुंतला. गटाचे सगळे तांत्रिक काम त्याने केले आणि इंग्रजीत मोजून चार वाक्ये बोलला. त्याच्याकडे माझे लक्ष उशिरा गेले. पुढे दर आठवड्याला कामे फिरवण्याचा नियम केला, तो त्याच्यामुळे. वीज जाऊन तीन जोडतास वाया गेले. त्यांतल्या एका दिवशी मुलांनी वर्गातच उभे राहून संवाद म्हटले, आणि ते मला संगणकाइतकेच मोलाचे वाटले.

मुलांचे बोलणे सुधारले ते ॲनिमेशनमुळे की सात आठवडे बोलायला वेळ दिला म्हणून, हे एका वर्गावरून वेगळे काढता येणार नाही. कागदी बाहुल्यांनीही यातले बरेच साधले असते. बाहुल्यांकडे घड्याळ, लाट आणि न कंटाळता ऐकणारा कान नसतो, एवढा फरक मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. तयारीसाठी मात्र मला रोज शाळा सुटल्यावर तास-दीड तास द्यावा लागला, आणि ज्या शिक्षकाकडे दोन वर्ग एकत्र आहेत त्याला तो कुठून मिळणार, याचे उत्तर या प्रकरणात नाही.

पालकसभा

जानेवारीत पालकसभेला सहाही फिती टीव्हीवर दाखवल्या. आयाबाया दवाखान्यातल्या आजीच्या कण्हण्यावर मनापासून हसल्या आणि ती मुलगी खाली न बघता हसली. मुक्या सौद्याची फीत लागली तेव्हा मागे बसलेले एक आजोबा उठून पुढे आले. इंग्रजी त्यांना कळण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिले आणि नातवाला म्हणाले, “उपरणं तोकडं काढलंय लेका. बोटं दिसत्यात की समद्यास्नी.”

खरेच दिसत होती. चित्रातले उपरणे मनगटापर्यंतच पोहोचत होते आणि पोरगा तर पाहुण्याला सांगत होता, ‘नोबडी कॅन सी द प्राइस.’ नातवाने ते वाक्य मराठीत सांगितल्यावर आजोबा म्हणाले की मग एक तर बोलणे बदला, नाही तर उपरणे. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी गटातली चार मुले संगणकाच्या खोलीच्या दाराशी उभी होती. त्यांनी उपरणे लांब केले आणि वाक्य तसेच ठेवले. ती फाइल आता शाळेच्या पेनड्राइव्हवर आहे. यंदाच्या सातवीने तीच उघडून त्यात एक दुसरा हेडी घातला आहे. तो बाजूला उभा राहून उपरण्याखाली काय चालले असेल याचा अंदाज करतो, आणि त्याच्यासाठी मुलांनी माझ्याकडून ‘मे बी’ आणि ‘आय थिंक’ मागून घेतले आहेत.